मिठाच्या गोणीपासून राजवंशापर्यंत : मध्ययुगीन धाटणीचं काल्पनिक राज्य कसं उभारावं

१२९६ साली अलाउद्दीन खलजी देवगिरीवर येऊन थडकला, तेव्हा रामदेवरायाची मोठी फौज राजपुत्र शंकरदेवाबरोबर बाहेर होती. गड बेलाग होता, वेढा सोसू शकला असता. फारसी इतिहासकार फिरिश्ता लिहितो की गडबडीत गडावर चढवलेल्या गोण्या धान्याच्या समजून घेतल्या होत्या. प्रत्यक्षात त्या कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांनी पळताना टाकून दिलेल्या मिठाच्या निघाल्या. मीठ खाऊन माणसं जगत नाहीत. राजाला तह करून खंडणी कबूल करावी लागली.

काल्पनिक जग रचू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी आधी ही हकीकत सांगते. हिच्यात सगळं आहे: घाट, व्यापार, गडाचं कोठार, दूर असलेला मुलगा आणि एक चूक. आपल्याकडे फँटसी लिहायला बसलेली माणसं बहुतेक वेळा मोठा नकाशा काढतात, त्यावर पंधरा-वीस राज्यं मांडतात, प्रत्येकाला ध्वज देतात, आणि मग त्या नकाशात एकही माणूस हलत नाही. मीही पहिली दोन वर्षं तेच केलं. पुढे एकच गोष्ट धरून रचायला लागले तेव्हा जग उभं राहिलं. कशाची तरी टंचाई ठरवायची, त्या टंचाईवर ताबा असलेलं एक घराणं ठरवायचं आणि त्या घराण्याच्या वारसाहक्कात एक भोक ठेवायचं.

खाली जाताना एक नमुना राज्य मी तुमच्यासमोरच रचत जाईन. ते पूर्ण काल्पनिक आहे. त्याच्या शेजारी दख्खनचा खरा इतिहास ठेवीन, कारण मराठीत लिहिणाऱ्याला बर्फाळ डोंगरातले दगडी वाडे उसने आणायची गरज नाही.

पायरी १ : एक वाट काढा

कोऱ्या कागदावर तीनच गोष्टी काढा: किनारा, डोंगराची धार, पठार. धारेतून वर येणारी एकच चांगली वाट ठेवा. नाणेघाट आठवा. कल्याणच्या बाजूने जुन्नरकडे येणारा माल तिथून चढायचा. तिथला दगडी रांजण आजही उभा आहे आणि तो जकातीचा म्हणून सांगितला जातो. ज्याच्या हातात घाटमाथा, त्याच्या हातात जकात. आणि जकात ज्याच्या हातात, तोच दोन पिढ्यांनी स्वतःला राजा म्हणवू लागतो.

नमुना राज्यात किनाऱ्याला मिठागरं आहेत. त्या पट्टीला ‘आगरपट्टी’ म्हणू. वरच्या पठारावर ज्वारी, कापूस, गुरं आहेत, पण मीठ नाही. मधल्या घाटाचं नाव ‘मीठवाट’. माथ्यावर ‘उभाकडा’ नावाचा गड. एवढंच. शेजारची राज्यं कथा तिथवर पोचेल तेव्हा काढा.

अंतर मैलांत किंवा किलोमीटरमध्ये लिहू नका, दिवसांत लिहा. लादलेल्या बैलांचा तांडा दिवसाला तीन-चार कोस जातो. घोड्यावरचा जासूद त्याच्या कितीतरी पुढे. म्हणजे बातमी आज पोचली तरी धान्य आठवड्याने पोचतं. या फरकातून घडणारे प्रसंग कुठल्याही ड्रॅगनपेक्षा जास्त श्वास रोखून धरायला लावतात.

पायरी २ : पोटाचा हिशेब करा

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण टाळू नका. दहा हजार माणसांची फौज धरा. माणशी रोज पाऊण किलो धान्य म्हणजे दिवसाला साडेसात हजार किलो. एका बैलाच्या पाठीवर साधारण शंभर किलो. म्हणजे रोज पंचाहत्तर बैलांचा माल नुसता माणसांच्या पोटात जाणार. महिनाभराला सव्वादोन हजार बैल, आणि यात घोडे, हत्ती, खुद्द बैल यांचा चारा धरलेलाच नाही. खऱ्या दख्खनमध्ये हे काम वंजाऱ्यांचे तांडे करत. तुमच्या जगात ते कोण करतं? त्यांना लढाईत हात न लावण्याचा दोन्ही बाजूंचा संकेत आहे का? तो मोडला तर काय होतं? एक अख्खी कादंबरी या प्रश्नात बसते.

घोड्यांचंही तसंच. दख्खनच्या हवेत चांगल्या घोड्यांची पैदास फारशी होत नसे. ते अरबस्तानातून समुद्रमार्गे चौल, दाभोळसारख्या बंदरांत उतरत. त्यामुळे पठारावरच्या राजाचं घोडदळ किनाऱ्यावरच्या दलालाच्या मर्जीवर असे. तुमच्या राजाला कशासाठी परक्याचं तोंड बघावं लागतं, ते ठरवून टाका.

मग पंचांग. आपल्याकडे युद्धाला ऋतू होता. दसऱ्याला सीमोल्लंघन, मृग लागायच्या आत फौज छावणीला. चार महिने नद्या भरलेल्या, घाट निसरडे, काळ्या मातीत चाक रुतलेलं. हे चार महिने लेखकाला फार मोलाचे आहेत. लढता येत नाही, म्हणून माणसं बोलतात, लग्नं ठरवतात, विष शोधतात. नमुना राज्यात आषाढ ते आश्विन मीठवाट बंद असते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि गाव विसरू नका. पाटील, कुळकर्णी, देशमुख, बलुतेदार ही माणसं राजे बदलले तरी जागची हलत नाहीत. वतनाचे तंटे राजघराण्यांपेक्षा जास्त जगतात. गोतसभा बसते, जुने कागद निघतात, कागद नसतील तर दिव्य होतं आणि उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायला लावतात. सिंहासनाच्या भांडणाइतकीच जिवावरची भांडणं गावच्या पारावरही होतात. निदान एक तरी माणूस अशा घरातला घ्या.

पायरी ३ : वंशावळ काढा, पण सरळ काढू नका

इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवते, आणि तुम्हीही घालवा.

बहुतेक काल्पनिक वंशावळी कंपासपेटीने काढल्यासारख्या असतात: बाप, मुलगा, नातू, प्रत्येकाला पंचवीस वर्षं. आता देवगिरीचे यादव पाहा. पाचवा भिल्लम ११८७ च्या सुमाराला स्वतंत्र झाला. रामदेवराय १३११ मध्ये गेला. सव्वाशे वर्षांच्या आतबाहेर सात राजे झाले, सरासरी अठरा वर्षांची. पण सरासरी काहीच सांगत नाही. सिंघण साडेतीन दशकांहून जास्त टिकला, रामदेवराय चाळीस वर्षं, आणि मधला आमणदेव काही महिनेच.

हे आमणदेव प्रकरण नीट बघा, कारण वारसाहक्काचं भोक कसं असतं ते इथे दिसतं. सिंघणाचा मुलगा बापाच्या आधीच वारला होता. म्हणून नातू कृष्णदेव गादीवर आला. कृष्णदेव गेला तेव्हा त्याचा मुलगा रामचंद्र (हाच पुढचा रामदेवराय) होता, तरी गादी भावाकडे, महादेवाकडे गेली. महादेवानंतर कोण? महादेवाचा मुलगा आमण, की ज्याच्या बापाकडून गादी आली तो रामचंद्र? दोघांकडेही सांगण्यासारखं कारण आहे. १२७१ मध्ये रामचंद्राने ते बळाने सोडवलं. नाटकमंडळीच्या वेषात माणसं गडात शिरवली, अशी हकीकत सांगतात. चुलतभावाचे डोळे गेले.

यातून नियम असा घ्या. वंशावळीत खलनायक घालू नका, दोन खरे हक्क घाला.

नमुना राज्यासाठी तीन पिढ्या पुरे. मूळपुरुष भानुदेव. त्याचा थोरला मुलगा सोमदेव बापाच्या हयातीतच मेला आणि मागे सहा वर्षांचा मुलगा राहिला. धाकटा कान्हरदेव तीस वर्षांचा, लढाया जिंकलेला, फौजेचा लाडका. सोमदेवाची विधवा माळाइसा, आगरपट्टीच्या मिठागरवाल्यांची लेक. आता भानुदेव मेला की काय होईल हे तुम्हाला सांगावं लागणार नाही.

बायकांना वंशावळीत फक्त कंसात ठेवण्याची खोड मोडा. चांदबीबीने १५९५-९६ मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांपुढे लढवला तो बालराजाच्या नावाने. ताराबाईंनी रामराजाला आपला नातू म्हणून पुढे आणलं. १७५० मध्ये त्यालाच साताऱ्यात कैद केलं आणि तो आपला नातू नव्हेच असं जाहीर केलं. एका आजीच्या शब्दावर छत्रपतींची गादी हेलकावे खाते, याहून मोठा प्रसंग कल्पनेने काय आणायचा? प्रत्येक राणीपुढे तीन गोष्टी लिहा: माहेर कोणतं, हुंड्यात किंवा तहात काय आलं, आणि तिच्या शब्दावर कोण शस्त्र उचलेल.

तोतयालाही जागा ठेवा. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला आणि १७७६ मध्ये देहदंड होईपर्यंत त्याच्या मागे माणसं जमत राहिली. ज्याचं प्रेत नीट सापडलं नाही तो राजपुरुष पुरता मेलेला नसतो. तुमच्या जगातल्या एका लढाईत एक प्रेत हरवा.

पायरी ४ : उगमाच्या दोन कथा लिहा

प्रत्येक राजघराण्याला आपण फार जुने आहोत असं सांगायचं असतं. यादव देवगिरीहून राज्य करत, पण बिरुद मिरवत ‘द्वारावतीपुरवराधीश्वर’, म्हणजे द्वारकेचे स्वामी. शिलाहार कोकणात आणि कोल्हापुराकडे राज्य करत, आणि स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं आजचं तेर. बहमनी राज्य १३४७ मध्ये स्थापणाऱ्या हसनने आपलं कूळ इराणी पुराणकथेतल्या बहमन राजाशी जोडलं. त्याच हसनबद्दल सुमारे अडीचशे वर्षांनी फिरिश्ता वेगळीच गोष्ट लिहितो: तो दिल्लीच्या गंगू नावाच्या ब्राह्मणाच्या पदरी होता. एक कथा दरबाराची, एक लोकांच्या तोंडची.

तुम्हीही दोन्ही लिहा, आणि खरी कोणती ते स्वतःलासुद्धा लगेच सांगू नका.

माझ्या नमुना घराण्याचं चिन्ह टिटवी आहे. टिटवीचं रात्री ओरडणं आपल्याकडे अशुभ. मग हे चिन्ह कुणी कशाला घेईल? दरबारचा भाट सांगतो: समुद्राने अंडी नेली म्हणून समुद्राला नमवणाऱ्या टिट्टिभाच्या कुळातले आमचे राजे, म्हणून समुद्राचं मीठ त्यांना करभार देतं. मीठवाटेवरचे तांडेवाले सांगतात: भानुदेव आमच्यातलाच एक बैलवाला. एका रात्री टिटवी ओरडली, तो एकटा जागा झाला, दरोडेखोर आले तेव्हा तो कड्याआड होता, आणि सकाळी मेलेल्या सोबत्यांचे बैल घेऊन तो गावात शिरला. दरबारात घराण्याचं नाव ‘टिट्टिभकुल’, बाजारात ‘टिटवे’. बाजारातला शब्द दरबारात उच्चारला तर जीभ जाते.

दंतकथेचं काम एवढंच आहे, की तिच्यावरून आज कुणाचा तरी फायदा आणि कुणाचा तरी घात व्हावा. ज्या दंतकथेवरून कुणीच भांडत नाही ती वहीतच राहू द्या.

पायरी ५ : दगड, तांबं आणि शिक्का

जगाचा इतिहास निवेदकाच्या तोंडून पानभर सांगू नका. तो वस्तूंवर लिहा. आपल्याकडे याची केवढी श्रीमंती आहे! वीरगळ घ्या: खालच्या चौकटीत लढाई किंवा गुरं सोडवताना आलेलं मरण, मधल्या चौकटीत वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. खालून वर वाचायची चित्रकथा. सतीशिळेवर बांगड्या भरलेला कोपरात वाकलेला हात. गधेगाळीवर दान मोडणाऱ्याला असा शाप कोरलेला, की अक्षर न येणाऱ्यालाही चित्रावरून कळावा. ताम्रपटात आधी वंशाची स्तुती, मग कुणी कुणाला काय दिलं, चतुःसीमा, साक्षी आणि शेवटी शाप.

एक अभ्यास करून बघा. तुमच्या मूळपुरुषाचा ताम्रपट दहा ओळींत लिहा. मग नातवाच्या काळातला दुसरा लिहा आणि त्यात मूळपुरुषाचा एक पराभव गाळा, एक विजय वाढवा. वाचकाला पहिला ताम्रपट विसाव्या प्रकरणात सापडू द्या.

शिक्क्याचा विचार वेगळा करा. शिक्का कुणाकडे असतो, रात्री कुठे ठेवतात, फोडायचा अधिकार कुणाला? १४८१ मध्ये बहमनी वजीर महमूद गावानचा जीव गेला तो बनावट पत्रापायी. शत्रूंनी त्याच्या शिक्का सांभाळणाऱ्याला वश करून कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला आणि वर ओडिशाच्या राजाला फितुरीचा मजकूर लिहिला. सुलतानाने चौकशी न करता मारायची आज्ञा दिली. त्यानंतर बहमनी राज्य सावरलं नाही, त्याची पाच शकलं झाली. कोरा कागद आणि एक शिक्का, एवढ्यावर.

पायरी ६ : जादू भाषेतून काढा

जादू शेवटी आणते, कारण ती आधी आली की बाकी सगळं आळशी होतं. आणि ती आपल्या म्हणी-वाक्प्रचारांत शोधते. ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ हा शब्दप्रयोग आपण रोज वापरतो. नमुना राज्यात तो शब्दशः खरा आहे. दसऱ्याला राजा स्वतःच्या हाताने प्रत्येक सरदाराच्या तळव्यावर चिमूटभर मीठ ठेवतो, सरदार ते जिभेवर घेतो. त्यानंतर जो बेइमान होईल त्याच्या तोंडी पाणी खारट लागू लागतं. कुठलंही पाणी. तो तहानेने मरतो.

आता नियम घट्ट करा. तीन प्रश्न पुरतात. किंमत कुणाला? मीठ देणाऱ्यालाही: जितक्या तळव्यांवर मीठ ठेवलं तितकी त्याच्या जिभेची चव कमी होत जाते, म्हातारा राजा पुरणपोळी आणि माती यांत फरक करू शकत नाही. मर्यादा काय? मीठ आगरपट्टीचंच लागतं, खाणीतलं चालत नाही. पळवाट कुठे? आणभाक ज्या हाताने दिली त्या हाताशी बांधलेली असते, सिंहासनाशी नाही. राजा मेला की सगळे सरदार त्या क्षणी मोकळे.

वारसाहक्काचं भोक आणि जादूचं भोक आता एकाच जागी आलं. राजा वैशाखात मेला तर नवा राजा मीठ मागवू शकतो. आषाढात मेला तर घाट बंद, आणि दसऱ्यापर्यंत राज्यात कुणीही कुणाला बांधलेला नाही.

पायरी ७ : बोली आणि नावं

यादवकाळात रोजच्या तोंडी कृष्णदेव हा कान्हरदेव होई आणि रामचंद्रदेव रामदेवराय. महानुभावांच्या गद्यात बायकांची नावं महदाइसा, आबाइसा, उमाइसा अशी भेटतात. ‘माळाइसा’ मी त्याच चालीवर केलं. एका प्रदेशाच्या नावांना एक चाल द्या. अर्थहीन अक्षरं जोडून केलेली नावं मराठी कानाला परकी लागतात आणि वाचक ती विसरतो.

फौज, वजीर, दरवाजा, किल्लेदार हे शब्द सुलतानी काळात फारसी-अरबीतून आपल्याकडे रुळले. तुमच्या जगात तसं परकं राज्य होऊन गेलं नसेल तर ते शब्द कुठून आले? सरसकट गाळा असं मी म्हणणार नाही, लिखाण मुडदूस झाल्यासारखं होतं. त्यापेक्षा शब्दबदल हीच घटना करा. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. पेशव्याला मुख्य प्रधान, मुजुमदाराला अमात्य, सुरनिसाला सचिव, डबिराला सुमंत ही नावं दिली गेली. नवा राजा हुद्द्यांची नावं बदलतो आणि जुने कारकून चुकून जुनंच लिहितात. एवढ्या तपशिलात सत्ताबदल वाचकाला कळतो.

संबोधनंही पाळा. कान्हरदेव दरबारात ‘महाराज’ असेल, पण म्हातारी दाई त्याला ‘कान्ह्या’च म्हणेल. तो वहिनीला ‘वहिनीसाहेब’ म्हणतो की ‘माळाइसा’, यावरून लढाई किती जवळ आली ते समजेल.

पायरी ८ : लिहायला बसा, आणि खालून सुरू करा

वही इतकी झाली की पुरे. नकाशा अर्धा, वंशावळ तीन पिढ्यांची, कथा दोन, वस्तू पाच-सहा, जादूचा एक नियम. उरलेलं प्रसंग मागेल तसं भरा. पहिला प्रसंग राजाच्या डोळ्यांनी लिहू नका, कारण राजाला त्याच्या राज्यात वस्तू कुठे ठेवल्यात हे माहीत नसतं. ज्याला माहीत असतं त्याच्याकडे जा.

मी उभाकड्याच्या कोठावळ्याकडे जाते. आषाढातली रात्र, धुकं कोठाराच्या उंबऱ्यापर्यंत आलेलं. वर महालात भानुदेवाचा श्वास लागलाय आणि दोन्ही बाजूंची माणसं वेगवेगळ्या जिन्यांवर उभी आहेत. कान्हरदेवाचा निरोप आला आहे: मिठाच्या गोण्या मोज. थोड्या वेळाने माळाइसाचीही दासी येते, तोच निरोप घेऊन. कोठावळा समई उचलतो, मागच्या खणात जातो. गोण्या चाळीस, उन्हाळ्यात त्याने स्वतः मोजून घेतलेल्या, शिक्के जागच्या जागी. तो पहिलीची शिवण उसवतो, हात घालतो, आणि मुठीत ज्वारी येते.